एका ताग्याचे तीन शर्ट

मित्रांनो, मी एक जुना शर्ट आहे. आता मला शर्ट म्हणणं तसं धाडसाचंच. माझी कॉलर गेली, बटणं गेली, आणि माझे तुकडे करून ते वेगवेगळ्या जागी बसवले गेले. पण पाटीलकी सुटलेल्या पाटलाला लोक मरेपर्यंत पाटीलच म्हणतात, तसा मीही स्वतःला शर्टच म्हणतो. अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

माझा रंग पोपटी होता आणि त्यावर तळहाताएवढी नारिंगी फुलं होती. कॉलर एवढी लांब, की माझा मालक सायकलवर बसून उताराला लागला की तिची टोकं त्याच्या गालांना लागायची. आज तुम्ही मला तसा पाहिला असता तर पोट धरून हसला असता. खुशाल हसा. मला त्याचा राग नाही. ज्या प्रेमापोटी मी शिवला गेलो, ते प्रेम मात्र हसण्यावारी नेऊ नका, म्हणून ही हकिकत सांगायला बसलो आहे.

सन एक्याऐंशीची गोष्ट. धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजच्या पोरांनी एक बँड काढला होता, त्याचं नाव पांझरा बीट्स. लग्नात पिपाण्या फुंकतो तसला बँड नव्हे. यांच्याकडे विजेवरच्या गिटारी होत्या, झांजा लावलेला ड्रमचा संच होता, आणि गाणी मात्र आपल्या अहिराणीत होती. गाणारा होता अभिमन आणि ड्रम वाजवणारा भिकन. त्या वर्षी गणपतीत सावद्याला, कापसाच्या जिनच्या आवारात त्यांचा कार्यक्रम झाला. केळीच्या मळ्यातून थेट येऊन बसलेली माणसं आधी गोंधळली, मग त्यांच्या माना हलायला लागल्या, आणि शेवटी अख्खं आवार उभं राहिलं.

त्या गर्दीत तीन मित्र होते. लीलाधर, म्हणजे माझा मालक. दुसरा जीवराम, त्याच्या शेजारच्या मळ्याचा. आणि तिसरा शालिग्राम, या दोघांच्या मधला. मधला म्हणजे वयानं नव्हे. हे तिघं कुठेही बसले तरी शालिग्राम मध्ये असायचा. उरलेले दोघे तोंडाळ आणि तापट होते, आणि त्यांच्या मध्ये कोणी बसलेलं बरं असतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

बँडच्या पोरांनी अंगात जे शर्ट घातले होते, तेच कापड या तिघांना हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते बाजारात इंदरचंद शेठच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"लीलाधरभाऊ, असला कपडा सावद्यात कोण घालणार?" शेठ म्हणाले. "लोक पडद्याला लावायला पण लाजतील."

पण शेठ धंद्याला पक्के होते. धुळ्याला त्यांचे साडू फुलचंद यांचं दुकान होतं. तिथे चौकशी केली तर बँडचे शर्ट ज्या ताग्यातून फाडले, त्याचा शेवटचा तुकडा शिल्लक निघाला. तो तुकडा म्हणजे मी, आणि माझे दोन भाऊ.

नथ्थू टेलरनं आम्हाला टेबलावर पसरलं, मापं टाकली आणि पेन्सिल कानावर खोचली. "पोरहो, शर्ट तीन व्हतीन, पन खिसे दोनच निघतीन," तो म्हणाला.

लीलाधर आणि जीवराम एकमेकांकडे बघायला लागले. शालिग्राम लगेच म्हणाला, "मंग माहा बिनखिशाचा शिवा. खिशात ठेवाले माह्यापाशी हाये तरी काय?"

असा माझा जन्म झाला. आम्ही तिघे एकाच दिवशी, एकाच कात्रीखालून निघालो. शालिग्रामचा तो बिनखिशाचा शर्ट आमच्यात सगळ्यात देखणा दिसायचा, कारण त्याच्या छातीवरचं फूल अख्खं राहिलं होतं.

पुढची चार वर्षं म्हणजे माझा सुकाळ. बँड कुठे वाजणार हे कळायचा अवकाश, की हे तिघं केळीच्या ट्रकवर बसून निघालेच. आम्ही शिंदखेड्याला गेलो, जळगावला गेलो, धुळ्याला तर कितीदा गेलो. लोक आम्हाला ओळखायला लागले होते. त्याला एक कारण होतं.

बँडचं एक गाणं होतं, त्याला सगळे 'पुराचं गाणं' म्हणत. धुळ्याच्या पांझरा नदीला पूर येतो, त्याचं गाणं. 'पांझराले पूर उना' असं अभिमन वरच्या पट्टीत म्हणायचा आणि तिथे एकदम सगळं थांबायचं. गिटार थांबायच्या, भिकन दोन्ही काड्या डोक्यावर धरून बसायचा. पाणी काठाशी येऊन क्षणभर थबकावं तसं व्हायचं. आणि त्या शांततेत शालिग्राम दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा. लांब, स्वच्छ, शेवटाला थोडी वर चढणारी. ती संपली की भिकनच्या काड्या खाली यायच्या आणि पूर सुटायचा. पहिल्यांदा हे उगाच घडलं. नंतर भिकन त्या शिट्टीसाठी थांबायला लागला. स्टेजवरची माणसं तिला 'सावद्याची शिट्टी' म्हणत. शालिग्रामचं नाव मात्र त्यांना माहीत नव्हतं. यानं कधी जाऊन सांगितलंही नाही.

पंच्याऐंशी साली बँड फुटला. अभिमनचं म्हणणं, भिकनच्या ड्रममध्ये माझा आवाज बुडतो. भिकनचं म्हणणं, माझ्या ड्रमवर हा तरंगतो. कोणाचं खरं, देव जाणे. दोघांनी दोन वेगळ्या पार्ट्या काढल्या आणि दोन्हीकडे तीच गाणी वाजायला लागली.

आता याच्याशी सावद्याच्या केळीवाल्यांचा काय संबंध? पण म्हणतात ना, घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. लीलाधरनं अभिमनची बाजू घेतली आणि जीवरामनं भिकनची. केळीला पाणी देता देता बांधावर वाद, चहाच्या टपरीवर वाद. "गळाच नसला तं गानं कशाचं?" हा म्हणायचा. "ठेकाच नसला तं गळा काय चाटाचा?" तो म्हणायचा. शालिग्राम मध्ये बसून दोघांच्या कपातला चहा निवतो आहे हे दाखवून द्यायचा. तोवर त्याचं चालून जात होतं.

पुढच्याच वर्षी शालिग्रामचं लग्न ठरलं. मुलगी यावलकडची, सुनंदा तिचं नाव. लग्न सावद्यालाच होतं. आमच्याकडे मांडवाच्या दाराला केळीचे खांब लागतात, आणि ते नवरदेवाच्या जवळच्या माणसांनी आणायचे असतात. लग्नाच्या सकाळी लीलाधर आणि जीवराम यांनी एक मोठा खांब तोडला आणि एकानं बुंधा, दुसऱ्यानं शेंडा असा खांद्यावर घेऊन ते निघाले. दोघांच्या अंगात आम्हीच होतो. ताज्या खांबाचा चीक गळत होता. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो धुतल्यानं जात नाही, उलट दर धुण्याला काळा होत जातो. हे सावद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी दोघांनाही त्याची शुद्ध नव्हती. वाटेनं दोघे आपापल्याशी हसत होते. मी लीलाधरच्या अंगावर होतो, मला त्याच्या छातीतली धडधड कळत होती. हा काहीतरी गुपित बाळगून आहे, एवढं मी ओळखलं होतं. दुसरा कशाला हसत होता ते मला दुपारी समजलं.

नवरदेव मारुतीच्या देवळातून घोड्यावर बसून मांडवाकडे निघाला. आणि एका गल्लीतून अभिमनची पार्टी आली, हातगाडीवर जनरेटर, वर कर्णे. समोरच्या गल्लीतून भिकनची पार्टी आली, तशीच हातगाडी, तसेच कर्णे. मित्राच्या लग्नाला भेट म्हणून लीलाधर-जीवराम दोघांनीही, एकमेकांना न सांगता, आपापल्या माणसाला सुपारी दिली होती! दोन्हीकडे एकाच वेळी पुराचं गाणं सुरू झालं. इकडे संथ, तिकडे जलद. घोडा मागच्या पायांवर उभा राहायला लागला. बायांनी कान झाकले.

लीलाधर आणि जीवराम मधोमध येऊन एकमेकांवर ओरडत होते. "तुह्या भिकनले सांग, डबडं बडवनं बंद कर!" "तुह्या अभिमनले सांग, लग्नात गळा काढू नको!" एकानं माझी कॉलर धरली, दुसऱ्यानं माझ्या भावाची. माझं वरचं बटण तेव्हाच तुटलं.

शालिग्राम घोड्यावरून उतरला. मुंडावळ्या बाजूला करून त्यानं दोघांकडे पाहिलं. त्याचा आवाज चढला नाही. "दोघंबी बंद करा," तो म्हणाला. "माह्या लग्नात कोनीच वाजवू नका."

आणि तो पायी मांडवात गेला. मित्रांनो, खानदेशात वाजंत्रीशिवाय लग्न म्हणजे काय, ते खानदेशातल्या माणसालाच कळेल. गरिबातला गरीबही एखादी सनई तरी आणतो. त्या दिवशी सावद्याच्या रस्त्यावर फक्त चपलांचा आवाज होता. मांडवात नवरी उभी होती. वाजत गाजत येणाऱ्या नवऱ्याकडे तिचे कान लागले होते, आणि तो गुपचूप येऊन समोर उभा राहिला.

त्यानंतर लीलाधर आणि जीवराम बोलले नाहीत. दोघांनाही शरम होती, पण ती शरम त्यांनी रागाच्या कपाटात कोंडली आणि वरून कडी लावली. आधी त्यानं शालिग्रामची माफी मागावी, मग मी मागतो, असं दोघंही म्हणायचे. शालिग्राम दोघांच्या घरी जायचा, दोघांकडे चहा प्यायचा. मधला माणूस मधलाच राहिला. पण एक गोष्ट मला पुढे कळली. लग्नानंतर त्यानं कधी शिट्टी मारली नाही.

खांद्यावरचा डाग काळा पडत गेला तसा मी चांगल्या कपड्यांतून उतरलो आणि मळ्यात घालायचा शर्ट झालो. त्याचं मला दुःख नव्हतं. दुःख झालं ते एका सकाळी. लीलाधर बांधावरून चालला होता आणि जीवरामच्या ज्वारीत एक बुजगावणं उभं होतं. त्याच्या अंगात माझा भाऊ होता. दोन्ही हात पसरलेले, डोक्याच्या जागी मडकं, आणि उन्हानं नारिंगी फुलं पांढरी पडलेली. लीलाधर थांबला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, हाक मारेल. पण त्यानं तोंड फिरवलं. घरी आल्यावर मला उतरवून धुतलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं. पुढची वर्षं मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात काढली.

ट्रंकेतूनही ऐकू येतं. ब्याण्णव साली एका दुपारी घरात रडारड ऐकू आली. शालिग्रामला कावीळ झाली होती, ती पोटात गेली आणि आठ दिवसांत माणूस संपला. संध्याकाळी लीलाधरची बायको, लताबाई, शेजारणीला सांगत होती. "दोघायनं तिरडीले पुढून खांदा देल्ला. एक डाव्या अंगाले, एक उजव्या. घरापासून मसणवट्यापर्यंत गेले, पन एकमेकाकडे पाह्यलं नाही. असे कसे वं हे लोक?"

 

मग चार वर्षांनी ती बातमी आली. पांझरा बीट्स पुन्हा एकत्र वाजवणार! देवपुरात, कॉलेजच्या मैदानावर, तेच जुने सगळे. सावद्याच्या स्टँडवर मोठा कागद चिकटवला होता. मी तो पाहिला नाही, पण घरी त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. कागदावर फोटो होता म्हणे. भिकनच्या खांद्यावर अभिमननं हात टाकलेला, आणि दोघेही दात काढून हसत होते.

लीलाधर तो कागद पाहून आला आणि ओट्यावर बसून राहिला. लताबाईंनी विचारलं तेव्हा हळूहळू बोलला. त्या कागदासमोर तो उभा होता तेव्हा शेजारी कोणीतरी येऊन थांबलं. पाहिलं तर जीवराम. दोघंही तो फोटो बघत राहिले. मग जीवराम एकीकडे गेला, हा दुसरीकडे.

"ज्यायच्यासाठी भांडलो ते एक झाले," लीलाधर म्हणाला. "आमी काबरं भांडलो व्हतो वं?"

"ते मले काय इचारता?" लताबाई म्हणाल्या. "मी तं दहा वर्सांपासून हेच इचारून राह्यली."

जायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. कोणत्या तोंडानं जायचं? पण गावात जो तो तेच बोलत होता. इंदरचंद शेठसुद्धा दुकानात गिऱ्हाइकाला थांबवून सांगत, "त्या बँडचा कपडा माझ्याच हातून गेलेला आहे." अभिमनचा गळा तोच राहिला असेल का, भिकनचं पोट ड्रमला टेकत असेल का, यावर पैजा लागत होत्या. जुनी माणसं ट्रंका उघडून बेलबॉटम शोधत होती. अशातच एक दिवस सुनंदाबाई घरी आल्या. सोबत त्यांची सात-आठ वर्षांची लेक होती.

"लीलाधरभाऊ, मले धुळ्याले घेऊन चाला," त्या म्हणाल्या. "माह्या लग्नाचं वाजाचं राह्यलं हाये. ते जातानी म्हनले व्हते, कधी हे बँडवाले बठ्ठे एक झाले तं जाऊन आयक."

लताबाईंनीच होकार दिला. सुनंदाबाई तशाच पुढे जीवरामच्या घरी गेल्या आणि तेच शब्द तिथेही बोलल्या. हे लताबाईंना ठाऊक होतं, पण त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. म्हणून म्हणतो, मित्रांनो, शहाणपण घरात कोणाकडे असतं ते ट्रंकेतल्या शर्टालाही कळतं.

जायच्या दिवशी ट्रंक उघडली. लीलाधरनं मला अंगात घातलं, पण मधल्या वर्षांत त्याचं पोट वाढलेलं. एकही बटण लागेना. लताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी त्यानं मला घडी करून उपरण्यासारखं खांद्यावर टाकलं. चिकाचा डाग बाहेरच्या अंगाला आला. त्यानं तो तसाच राहू दिला.

आम्ही एसटीनं जळगाव करून धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गार वारा सुटला होता. मैदानावर खुर्च्या पुढे थोड्या, बाकी सगळी जमिनीवरची बैठक. आमच्याकडे जत्रेला जा की तमाशाला, माणूस घरून गोधडी आणतो आणि ती पसरून आपली जागा धरतो. सुनंदाबाईंनीही बोचक्यातून गोधडी काढून पसरली.

आणि तिच्या मधोमध मला माझा भाऊ दिसला.

शालिग्रामचा बिनखिशाचा शर्ट. त्याच्या छातीवरचं ते अख्खं फूल गोधडीच्या बरोबर मध्यावर शिवलेलं होतं. सुनंदाबाईंनी लेकीला पांघरायला ती शिवली होती. बाकीची सगळी ठिगळं साड्यांची आणि धोतरांची, आणि मध्ये हा. कापड मऊ पडलं होतं, पण रंग शाबूत होता. एवढ्या वर्षांत त्याला कोणी उन्हात टाकलं नव्हतं. मला बोलता येत असतं तर मी त्याला हाक मारली असती.

लीलाधरनंही पाहिलं. तो चप्पल काढून गोधडीच्या एका कडेला बसला आणि त्यानं मला मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं दुसऱ्या कडेला एक माणूस येऊन उभा राहिला. सुनंदाबाई म्हणाल्या, "या, जीवरामभाऊ. बसा."

जीवरामच्या डोक्यावर केस थोडेच उरले होते. त्यानं लीलाधरला पाहिलं, गोधडीला पाहिलं. परत जावं असंही त्याच्या मनात आलं असेल. पण बाईमाणसानं, तेही शालिग्रामच्या बायकोनं, बस म्हटलं होतं. तो बसला. दोघांच्या मध्ये ते फूल राहिलं. त्यावर ना यानं पाय ठेवला, ना त्यानं. बाया आणि ती लेक मागे सरकून बसल्या. गर्दी वाढत गेली, माणसं मांडीला मांडी लावून बसली, पण ती मधली जागा कोणी मागितली नाही.

दिवे लागले. अभिमन आणि भिकन स्टेजवर आले आणि मैदान उठून उभं राहिलं. अभिमनची दाढी पांढरी झालेली, भिकन खरंच पोट सावरत बसला. पहिल्या दोन-तीन गाण्यांतच सगळ्यांना कळून चुकलं. वरच्या पट्टीत अभिमनचा आवाज फाटत होता आणि जलद ठेक्याला भिकनचा हात मागे पडत होता. पण कोणाच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती. माणसं पुढे झुकून, जपून ऐकत होती.

मग अभिमन माईकजवळ आला. "आते मना गया पहिलासारखा नही शे," तो गळ्यावर हात ठेवून म्हणाला. "पुरनं गाणं म्हननं शे, तुम्ही बठ्ठा मनासंगे म्हना. आनि सावदावाला उनात का?"

सावद्याची माणसं 'आलो, आलो' म्हणून ओरडली. लीलाधर ओरडला नाही. जीवरामही नाही.

गाणं सुरू झालं. आणि मी एक नवल पाहिलं. अभिमनचा आवाज जिथे फाटला, तिथे ती ओळ उचलून जीवराम म्हणत होता. भिकनचा हात जिथे मागे पडला, तिथे लीलाधरचा तळवा मांडीवर, म्हणजे माझ्यावर, ठेका धरत होता. ज्यानं ज्याची निंदा केली, तो त्यालाच सांभाळून घेत होता. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळलंही नसावं.

"पांझराले पूर उना..."

सगळं थांबलं. भिकननं दोन्ही काड्या वर धरल्या आणि आमच्या दिशेनं अंधारात पाहिलं. तो शिट्टीची वाट बघत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

शिट्टी आली नाही. मैदानात एवढी माणसं, पण खोकलासुद्धा ऐकू येईना. भिकनच्या काड्या तशाच वर होत्या. लीलाधरचा हात माझ्यावर गच्च आवळला गेला.

"लीलाधर," जीवराम म्हणाला. दहा वर्षांनी पहिला शब्द. "वाजव नं रे."

"मले नाही येत."

"मलेबी नाही येत."

मग लीलाधरनं दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा निघाली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ थरथरत होते, शिट्टी येणार कुठून? ते पाहून जीवरामनंही बोटं तोंडात घातली. दोघं पोक्त माणसं, एक टकला आणि एक पोट सुटलेला, गाल फुगवून फुंकत होते. शेवटी कोणाच्या तरी तोंडून एक शिट्टी निघाली. चिरकी, तोकडी, मध्येच तुटलेली. ती कोणाची होती, मी सांगू शकणार नाही. त्यांनाही सांगता आलं नाही.

भिकनच्या काड्या खाली आल्या आणि पूर सुटला.

त्या गदारोळात सुनंदाबाई पुढे सरकल्या. "ते असं वाजवायचे का?" त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी," जीवराम म्हणाला. "तो लई साजरं वाजवायचा. आमी वाजू देल्लं नाही त्याले."

सुनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, "आयक बाई. तुह्या बापाच्या लग्नाचं वाजून राह्यलं."

कार्यक्रमानंतर तिथेच लताबाईंनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या पुऱ्या सोडल्या. "वरातीमागून घोडं," त्या पुटपुटल्या, पण वाढताना दोघांना एकाच ताटात वाढलं. जेवता जेवता जीवरामनं माझ्यावर हात ठेवला. चिकाचा डाग चाचपून पाहिला. "माहा ज्वारीत सडला," तो म्हणाला. "ज्या दिवशी शालिग्राम गेला, त्या दिवशी काढाले गेलो. हातात चिंध्याच आल्या."

"पाह्यला व्हता म्या," लीलाधर म्हणाला. "म्या तेव्हाच हाक माराले पायजे व्हती."

पुढच्या आठवड्यात दोघे मला घेऊन नथ्थू टेलरकडे गेले. नथ्थू आता म्हातारा झाला होता, पण कापड ओळखलं त्यानं. त्याच्याकडून मला मधोमध कापून घेतलं आणि ते तुकडे सुनंदाबाईंना नेऊन दिले. कात्री लागताना दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. एका ताग्यातून फाडताना जेवढं दुखलं असेल त्याहून कमीच.

आता माझा एक भाग शालिग्रामच्या फुलाच्या डावीकडे आहे, लीलाधरच्या नावाचा. दुसरा उजवीकडे, जीवरामच्या नावाचा. चिकाचा डाग सुनंदाबाईंनी लपवला नाही, वरच ठेवला आहे. आणि माझा खिसा त्यांनी उसवून मधल्या फुलाशेजारी लावला. बिनखिशाच्या शर्टाला इतक्या वर्षांनी खिसा मिळाला. ती पोरगी त्यात चिंचोके ठेवते, आणि शिट्टी मारायला शिकते आहे.

मित्रांनो, कपडा उसवला तर लगेच टाका घाला. उद्या घालू म्हणाल तर भोक मोठं होतं, परवा म्हणाल तर ठिगळ लागतं. मला दोन ठिकाणी पुरवता आलं, कारण मी तरी शिल्लक होतो. माझा एक भाऊ ज्वारीत उन्हानं गेला, त्याला आता कुठून आणायचा? म्हणून सांगतो, ज्याच्याशी बोलणं टाकलं असेल त्याला आजच हाक मारा, मधला माणूस बसलेला आहे तोवर.

थंडी वाजली की ती पोरगी आम्हाला हनुवटीपर्यंत ओढून घेते. आम्ही तिघे तिच्या अंगावर असतो, आणि शालिग्राम मध्ये असतो.